कट! आता तू काय करतोस?

शनिवारी संध्याकाळी काय करायचं, याचे आपल्याकडे दोन-तीनच ऑप्शन असतात. मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर सोफ्यावर आडवं पडून ‘काय बघायचं’ हे ठरवण्यात दीड तास घालवायचा आणि मग झोपून जायचं. त्यात एखादा नवा सुपरहिरोपट लागला असेल तर प्रश्नच मिटला. तिकीट काढा, पॉपकॉर्नचे पैसे देताना डोळे मिटून घ्या आणि दोन-अडीच तास दुसराच कुणीतरी जग वाचवतोय ते बघा.

माझ्याकडे याहून स्वस्त आणि मस्त स्कीम आहे. चार मित्र बोलवा. एक टेबल, चार पेन्सिली आणि ल्युडोच्या डब्यातले दोन फासे घ्या. आणि तो सिनेमा स्वतःच करा. कॅमेरा नाही, बजेट नाही, व्हीएफएक्स तर नाहीच नाही. तरीही पूल कोसळतो, माणूस उडतो आणि क्लायमॅक्सला टेबलाभोवतीच्या पाचही जणांच्या अंगावर काटा येतो.

याला म्हणतात टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. नाव भारदस्त आहे, पण खेळ आपण सगळेच खेळलोय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘मी शक्तिमान, तू किल्विश’ म्हणून जे चालायचं, तेच हे. फरक इतकाच, की तेव्हा ‘मी तुला मारलं’, ‘छे, मला लागलंच नाही’ यावरून भांडण व्हायचं आणि खेळ संपायचा. इथे ते भांडण फासे सोडवतात. एकजण गेम मास्टर होतो. बाकीचे प्रत्येकी एक हिरो होतात. गेम मास्टर सांगतो, ‘समोर हे असं असं घडतंय.’ आणि मग विचारतो, ‘आता तू काय करतोस?’ बास. सगळा खेळ या एका प्रश्नावर उभा आहे.

गेली दीड वर्षं दर दुसऱ्या शनिवारी मी हा प्रश्न विचारतेय. जागा माझा ठाण्याचा वन बीएचके. खेळाडू चार: एक सीए, एक बँकवाली, एक एचआरवाली आणि एक सॉफ्टवेअर टेस्टर. मी स्वतः फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे माझ्या दोन आठवड्यांत नक्की असलेली ही एकच गोष्ट. ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, ‘हे असलं कसं चालवायचं गं?’ तर घ्या. अनुभवाचे बोल, तेही फुकट!

आधी थोडा फ्लॅशबॅक

हे प्रकरण मूळचं अमेरिकेतलं. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि राक्षस मारा, खजिना लुटा, अनुभवाचे पॉइंट मिळवा हा फंडा सुरू झाला. पण सुपरहिरो काही खजिना लुटत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी वेगळे खेळ लिहावे लागले. १९८१ मध्ये ‘चॅम्पियन्स’ आला. त्यात ठरावीक पॉइंटांच्या बजेटमध्ये आपली सुपरपॉवर ‘विकत’ घ्यायची. हिशोबाची आवड असलेल्यांना पर्वणीच. १९८४ मध्ये टीएसआर या कंपनीने ‘मार्व्हल सुपर हीरोज’ काढला. त्यात ‘कर्मा’ नावाचे पॉइंट होते. चांगलं काम केलं की कर्मा वाढायचा आणि हिरोने कुणाचा जीव घेतला की साठवलेला सगळा कर्मा शून्य! एका नियमात अख्खा सुपरहिरो समजावून सांगितला की नाही?

मग २००२ मध्ये ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ आला. त्याला वीस बाजूंचा फासा लागतो. २०१६ मध्ये ‘मास्क्स: अ न्यू जनरेशन’ आला, तो आम्ही खेळतो. २०२३ मध्ये मार्व्हलचा अधिकृत ‘मल्टिव्हर्स रोल-प्लेइंग गेम’ही आला, त्यात सहा बाजूंचे तीन फासे असतात. यातला कोणता घ्यायचा? ज्यांना आकडेमोड आवडते त्यांनी ‘चॅम्पियन्स’ किंवा ‘म्युटंट्स’. ज्यांना थोडी भांडणं, थोडं रडू आणि भरपूर ड्रामा हवाय त्यांनी ‘मास्क्स’.

जिंकणार तोच, मग मजा कशात?

सगळ्यात मोठा लोच्या इथे आहे. सुपरहिरो शेवटी जिंकतो, हे पोस्टर बघूनच कळतं. मग टेन्शन कसलं? नवा गेम मास्टर काय करतो, तर व्हिलनला अजून ताकदवान करतो. मग अजून. मग तीन तास नुसती हाणामारी. तिसऱ्या तासाला टेस्टर मोबाईल बघायला लागतो, आणि त्याचं काय चुकलं?

टेन्शन मारामारीत नसतंच मुळी. २००२ चा ‘स्पायडर-मॅन’ आठवा. पुलावर ग्रीन गॉब्लिन उभा आहे. एका हातात मेरी जेन, दुसऱ्या हातात पोरांनी भरलेली केबल कार. तो स्पायडर-मॅनला ठोसा मारत नाही, निवड करायला लावतो. या प्रसंगाचं मूळ १९७३ च्या कॉमिकमध्ये आहे. तिथे ग्रीन गॉब्लिन ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली फेकतो आणि स्पायडर-मॅनच्या हातून ती वाचत नाही. किंवा २००८ चा ‘द डार्क नाइट’ घ्या. दोन बोटी, प्रत्येकीत दुसरी बोट उडवायचं बटण. बॅटमॅनच्या ताकदीचा तिथे काय उपयोग?

म्हणून टीप नंबर एक, आणि बाकीच्या विसरलात तरी ही विसरू नका. ‘हिरो जिंकेल का?’ हा प्रश्न विचारूच नका. ‘जिंकण्यासाठी तो काय सोडेल?’ हा विचारा. आणि विचारून झालं की गप्प बसा. उत्तर तुमच्या वहीत आधीच लिहिलेलं असेल, तर तो खेळ नाही, तुमचं एकपात्री आहे.

कॅमेरा कुठे लावू?

सिनेमॅटिक खेळ म्हणजे मोठे स्फोट नव्हेत. सिनेमा बघताना आपण जे नकळत शिकलोय, ते तोंडाने वापरायचं. ‘तू खोलीत शिरतेस, खोलीत एक टेबल आहे’ असं सांगू नका. म्हणा, ‘कॅमेरा तुझ्या चपलांवर. ओल्या आहेत. वर येतो. तू दारात उभी आहेस आणि आतला माणूस तुझी वाटच बघत होता.’ वाक्यं तीन-चार, पण सगळ्यांना एकच चित्र दिसतं.

सुरुवात मधूनच करा. ‘तुम्ही सगळे एका कॉफी शॉपमध्ये भेटता’ ही सुरुवात बाद. ‘तुम्ही तिघं सी-लिंकवर धावत्या टेम्पोच्या टपावर आहात. चौथी अजून टोल नाक्यावरच आहे, कारण तिची स्कूटर आहे आणि सी-लिंकवर दुचाकीला बंदी आहे. आता काय करता?’ ही सुरुवात पास. टेम्पोवर कसे पोचलो, हे नंतर सांगता येतं. कुणी विचारत नाही, खरं तर.

‘कट’ म्हणायला शिका. टीम वेगळी झाली तर घाबरू नका, सिनेमात तर ती नेहमीच वेगळी होते. एकीकडे पाच मिनिटं. कुणीतरी दार उघडतं, आत... कट! दुसरीकडे पाच मिनिटं. ज्याचा सीन थांबलाय तो मोबाईलकडे बघतच नाही, कारण त्याला दाराआड कोण आहे ते कळायचंय.

आणि आपल्याकडे एक हत्यार आहे जे हॉलिवूडवाल्यांकडे नाही. इंटरव्हल! तिथले सिनेमे सरळ दोन-अडीच तास चालतात. आपल्या सिनेमाला मधोमध ब्रेक असतो आणि त्याच्या आधी धक्का द्यायचा असतो, हे आपल्याला दुधाच्या दातांपासून माहीत आहे. आमचं सेशन तीन तासांचं. पाच वाजता सुरू. साडेसहाला कुणाचा तरी मुखवटा उतरतो, कुणाची तरी आई टीव्हीवर बातमी बघते, आणि मी म्हणते, ‘इंटरव्हल. चहा ठेवतेय.’ त्या पंधरा मिनिटांत समोसे खाताना चौघं जी चर्चा करतात, ती ऐका. तुमचा सेकंड हाफ तिथेच लिहून मिळतो!

फासे आणि अप्रेझल

आता ‘मास्क्स’ची गंमत सांगते. यातले हिरो विशीच्या आतबाहेरचे असतात. त्यांना शक्ती मिळालीय, पण आपण नक्की कोण आहोत हे कळलेलं नाही. प्रत्येकाच्या कागदावर पाच लेबलं असतात. मराठीत सांगायचं तर: धोकादायक, विचित्र, तारणहार, वरचढ आणि सामान्य. प्रत्येकापुढे उणे दोन ते अधिक तीनमधला एक आकडा. कुणाला भिडायचं असेल तर ‘धोकादायक’चा आकडा, कुणाला वाचवायचं असेल तर ‘तारणहार’चा. दोन फासे टाका, त्यात तो मिळवा.

दहा किंवा वर आलं, तर झक्कास. सात ते नऊ, तर काम झालं पण किंमत मोजून. सहा किंवा खाली, तर गेम मास्टरची पाळी. आमच्या सीएने पहिल्याच दिवशी हिशोब मांडला. दोन फाशांच्या शक्यता ३६. मिळवायचा आकडा शून्य असेल तर त्यातल्या ६ वेळा झक्कास, १५ वेळा ‘हो, पण...’ आणि १५ वेळा बोंब. म्हणजे जे होतं ते बहुतेक वेळा अर्धवट तरी होतं किंवा फसतं. अगदी आपल्या नोकरीसारखं! पण एक मेख आहे. फासा फसला की खेळाडूला अनुभवाची एक खूण मिळते. फसण्यातून हिरो मोठा होतो. हे कुठल्या ऑफिसात होतं ते कळवा, मी बायोडेटा पाठवते.

सगळ्यात भारी नियम पुढेच आहे. मोठी माणसं तुम्हाला ‘तू असा आहेस’ म्हणाली की तुमची लेबलं बदलतात. एक वर जातं, एक खाली येतं. कोच म्हणाला, ‘तू टीमला धोका आहेस’ की ‘धोकादायक’ वर आणि, समजा, ‘तारणहार’ खाली. तुम्ही ते झुगारू शकता, पण त्यासाठीही फासे टाकावे लागतात. हा नियम समजावून सांगितल्यावर आमची एचआरवाली दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, ‘अगं, हे तर अप्रेझल आहे.’

आणि यात हिरोचं रक्त किती उरलं याचा आकडाच नाही. मार बसला की तुम्ही घाबरता, चिडता, अपराधी वाटून घेता, हताश होता, नाहीतर स्वतःवरचा विश्वास गमावता. या पाचपैकी एका चौकोनात खूण करायची. जखम मनावर. म्हणून मारामारीही लवकर आटपते आणि लक्षात राहते.

दुसरा कुठला खेळ घेतलात तरी दोन युक्त्या उचला. ‘म्युटंट्स’मध्ये किरकोळ गुंडांना वेगळा नियम आहे. एक फटका बसला आणि तग धरता आला नाही की गडी आडवा. वीस गुंडांशी वीस वेळा लढत बसायचं नाही. आणि व्हिलन ऐनवेळी निसटायला हवा असेल, तर गेम मास्टरने तसं खुशाल करावं, पण बदल्यात खेळाडूंना ‘हिरो पॉइंट’ द्यावा. म्हणजे अन्याय झाला तरी त्याची पावती मिळते. राग राहत नाही.

शहर आपलंच हवं

पुस्तकात ‘हॅल्सियन सिटी’ नावाचं एक काल्पनिक शहर आहे. छान आहे. पण तिथली कुठली गल्ली कुठे निघते हे आम्हाला काय ठाऊक? आम्ही पहिल्याच दिवशी ते गुंडाळलं आणि मुंबई घेतली. एका झटक्यात माझं निम्मं काम वाचलं. ‘दादरचा पूल, संध्याकाळचे सात’ एवढं म्हटलं की गर्दी, घाम, फुलांचा वास सगळं आपोआप टेबलावर येतं. पुण्यात असाल तर लक्ष्मी रोड घ्या, गणपतीच्या दिवसांतला. नागपूर, नाशिक, न्यू जर्सी, कुठेही असा, जिथला रस्ता पाठ आहे तिथे खेळा.

आमचे हिरोही तिथलेच. ‘झेरॉक्स’ स्वतःच्या प्रती काढते. एक प्रत कॉलेजात हजेरी लावते, दुसरी जग वाचवते. ‘लिफ्टमन’ वजन कमी-जास्त करतो. ‘ठिणगी’च्या हातातून वीज निघते, हा आमचा सीए. आणि ‘कानोसा’. तिला सगळं ऐकू येतं. चार इमारतींपलीकडचं कुजबुजणंही. ही बँकवाली.

व्हिलनचं थोडं बरोबर असू द्या

‘मला हिंदुस्थानवर राज्य करायचंय’ हे मोगॅम्बोला शोभतं, आणि १९८७ मध्ये त्याने ते करून झालंय. तुमच्या व्हिलनला एक साधी इच्छा द्या, जी ऐकून खेळाडू म्हणतील, ‘तसं त्याचं चूक नाही गं.’ ‘ब्लॅक पँथर’मधला किलमाँगर म्हणूनच लक्षात राहतो.

आमच्या व्हिलनचं नाव ‘भरती’. ड्रेनेजचं काम केलेला म्हातारा इंजिनियर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या गोष्टीतल्या म्हाताऱ्याची बायको घरी परतली नाही. सात बेटांमधला समुद्र बुजवून हे शहर उभं राहिलंय. भरतीचं म्हणणं एवढंच, ‘समुद्राची जागा समुद्राला परत द्या.’ आणि तो समुद्राला बोलावू शकतो.

हे मी सांगितलं तेव्हा टेबलावर शांतता पसरली. आम्ही सगळे तेव्हा सात-आठ वर्षांचे होतो. प्रत्येकाकडे त्या रात्रीची एक गोष्ट आहे. कुणाचे बाबा दुसऱ्या दिवशी चालत घरी आले, कुणी शाळेतच झोपलं.

मग क्लायमॅक्स आला. रुळांवर पाणी. सायन आणि कुर्ल्याच्या मध्ये लोकल अडकलेली, डब्यात पाणी चढतंय. दारापाशी एकटा ठिणगी. बाकीचे तिघं दूर. आता नीट बघा. त्याच्याकडे टीममधली सगळ्यात जबरी ताकद आहे. पण चहूकडे पाणी आहे आणि त्यात माणसं उभी आहेत. हातातून वीज काढली की संपलं. मी विचारलं, ‘आता तू काय करतोस?’

तो किती वेळ विचार करत होता कोण जाणे. मग म्हणाला, ‘मुखवटा काढतो. लोकांना सांगतो, ओढण्या सोडा, बॅगांचे पट्टे काढा, दोर बनवू. मी फक्त पहिला उभा राहतो.’ हिरो जिंकला, पण ज्याच्या जोरावर तो हिरो होता ते सोडून जिंकला. आणि अख्ख्या डब्याने त्याचा चेहरा पाहिला, ही किंमत वेगळीच.

आणि एक नियम, फाशांच्याही आधीचा

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची टीप ही. हा खेळ अभिनयाचा आहे, त्यामुळे कधी कुठल्या खऱ्या गोष्टीला धक्का लागेल सांगता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी, हिरो बनवायच्याही आधी, प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. ‘या टेबलावर काय येऊ नये?’ नाव लिहायचं नाही, कारण द्यायचं नाही. आणि टेबलाच्या मधोमध ‘एक्स’ लिहिलेलं एक कार्ड ठेवा. जॉन स्टॅव्ह्रोपोलस नावाच्या अमेरिकन गेम डिझायनरची ही आयडिया. कुणीही, कधीही त्या कार्डावर बोट ठेवलं की चालू सीन तिथेच बदलायचा. ‘का?’ विचारायचं नाही.

आमच्या चार चिठ्ठ्यांत एकात पाल होती, एकात लहान मुलांना इजा, एक कोरी होती. चौथीत एकच शब्द होता. ‘हॉस्पिटल’.

अक्षर मी ओळखलं. आदल्या वर्षी तिचे बाबा अनेक आठवडे आयसीयूत होते. परत आले नाहीत. ती कधी त्यावर बोलत नाही आणि मीही कधी विचारलं नाही. (हे लिहितेय तेही तिला विचारूनच.) तेव्हापासून आमच्या मुंबईत हॉस्पिटलच नव्हतं. हिरो जखमी झाला की झेरॉक्सच्या आजीच्या स्वयंपाकघरात, हळद आणि शिव्या. व्हिलननेही कधी हॉस्पिटलवर हल्ला केला नाही. नऊ महिने. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

भरती हरला त्या संध्याकाळी मी शेवटचा सीन समुद्रकिनारी लावणार होते. त्याला पोलीस घेऊन जातात, पाणी ओसरतं, नावं पडद्यावर. तेवढ्यात कानोसा म्हणाली, ‘थांब. तो म्हातारा आहे, पाण्यात पडलाय. त्याला हॉस्पिटलमध्ये नेतील ना?’

मी कार्डाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. म्हणाली, ‘चालेल आज. कट कर तिकडे.’

मी कट केलं. फक्त म्हटलं, ‘रात्र. वॉर्ड. तू त्याच्या कॉटशेजारी. आता तू काय करतेस?’

‘ऐकते,’ ती म्हणाली. ‘मला सगळं ऐकू येतं ना. मॉनिटर ऐकते. पळून जात नाही. त्याला घरचं कुणी नाहीये, तर मी ऐकते.’

कुणीच काही बोललं नाही. मग ठिणगीने, म्हणजे आमच्या सीएने, फासे उचलले. ‘मी आत येतो,’ तो म्हणाला. ‘काही करत नाही. शेजारी बसतो.’

आता ‘मास्क्स’मधला हा नियम बघा. कुणाला धीर द्यायचा असेल तर फाशांत जो आकडा मिळवायचा, तो ‘धोकादायक’चा नाही, ‘तारणहार’चाही नाही. ‘सामान्य’चा. पाच लेबलांतलं सगळ्यात फिकं वाटणारं. हिरो बनवताना आम्हा सगळ्यांनी तोच आकडा कमी ठेवला होता, कारण सुपरहिरोला सामान्य कशाला व्हायचंय? त्याचा शून्य होता. फासे पडले, पाच आणि सहा. अकरा. झक्कास.

नियमाप्रमाणे कानोसाने आपल्या कागदावरची एक खूण पुसली. ‘हताश’ची. खोडरबराचा तेवढा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग ती उठली आणि म्हणाली, ‘चहा मी ठेवते.’

हा सीन मी लिहिलेला नव्हता. कितीही भारी गेम मास्टर असती तरी मला तो लिहिता आला नसता. मी केलं ते दोनच गोष्टी. नऊ महिने तो दरवाजा बंद ठेवला आणि तिने उघडला तेव्हा मध्ये आले नाही. गेम मास्टरचं काम म्हणजे हे. गोष्ट सांगणं नव्हे, जागा करणं.

तर मग, येत्या शनिवारी?

निघण्याआधी झटपट यादी, फ्रिजवर चिकटवायला:

खेळाडू तीन ते पाच. त्याहून जास्त झाले तर ते सेशन नाही, सोसायटीची मीटिंग होते.

प्रत्येकाला विचारा, ‘तुझ्या हिरोला काय येतं?’ आणि लगेच, ‘त्याला घरी कुणाची काळजी वाटते?’ दुसरं उत्तर जास्त उपयोगी पडतं.

पहिल्या सेशनला नियम निम्मेच सांगा. बाकीचे खेळता खेळता कळतात. कॅरमचे नियम तरी कुणी वाचलेत?

एकटाच बोलणारा गडी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्यावर २०१२ च्या ‘मार्व्हल हिरोइक’मधली युक्ती: ज्याची पाळी झाली तोच पुढची पाळी कुणाची ते ठरवतो. गप्प बसणाऱ्याकडे चेंडू आपोआप जातो.

संपवायची वेळ पाळा. आठ म्हणजे आठ. कुणाला बदलापूरची लोकल धरायचीय.

आणि प्रत्येक सीनच्या शेवटी तो एकच प्रश्न. आवाज फार चढवायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही. विचारायचं आणि थांबायचं. आठवडाभर बॉस, क्लायंट आणि घरचे आपल्याला ‘तू काय करायचंस’ हे सांगतच असतात. ‘तू काय करतोस?’ असं विचारून उत्तराची वाट बघणारं माणूस तसं दुर्मिळच.

फासे आणायला बाहेर जाऊ नका. ल्युडोच्या डब्यातले चालतात. ल्युडो तसंही आपल्याकडे कोण शेवटपर्यंत खेळतं?